ल्युबेकचा नाताळ किती युरोचा?

आई-बाबा पहिल्यांदा हॅम्बुर्गला आले ते डिसेंबरात, नाताळ बघायला म्हणून. मीही तेव्हा जर्मनीत नवीच होते. २५ तारखेला दुपारचं जेवण आटोपून आम्ही तिघं ल्युबेकच्या गाडीत बसलो. पाऊण तासाचा प्रवास, विटांचं जुनं गाव, चौकात नाताळबाजार. स्टेशनाबाहेर पडलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. चौकात लाकडी टपऱ्या ओळीनं उभ्या होत्या, पण एकूण एक बंद. दिवे होते, झाड होतं, वास मात्र कशाचाच नव्हता. बाबांनी खिशात हात घालून चौकाला एक फेरी मारली आणि म्हणाले, "अगं, इथे नाताळ आहे की संचारबंदी?" शेवटी कॉफी मिळाली ती परत स्टेशनावर.

चूक आमचीच होती. जर्मनीत नाताळ बघायचा तर नाताळच्या आधी यायचं. दिवाळीची गंमत बघायला कुणी लक्ष्मीपूजनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर जात नाही. दुकानदार तोवर पूजा उरकून घरी गेलेला असतो. गर्दी, घासाघीस, रोषणाई, सगळं त्याआधीच्या आठवड्यांत. इथलंही तसंच. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे ॲडव्हेंट, आणि खरी धमाल या चार आठवड्यांची. २४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद होतात. २५ आणि २६ या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी. माणसं आपापल्या घरात, आपापल्या झाडाभोवती. पाहुण्याला बघायला उरतात ते फक्त दिवे.

आता दर वर्षी कुणाचे ना कुणाचे आईवडील येतात आणि नोव्हेंबरात मला फोन येतो : काय दाखवू, किती खर्च येईल? म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. दर २०२५ च्या हिवाळ्याच्या आसपासचे आहेत. टपरीगणिक अर्धा-एक युरो इकडेतिकडे होतो. युरोला शंभर रुपये धरा. प्रत्यक्षात थोडे जास्त पडतात, पण तोंडी हिशेबाला सोपं. आणि हा हिशेब सकाळी एकदाच करून टाका. प्रत्येक घोटाला रुपये मोजणारा माणूस सोबत असला की दिवसाची चव जाते. (आमच्या बाबांनी दुसऱ्या वर्षी ही सवय सोडली. पहिल्या वर्षी नाही.)

ल्युबेकच का

हॅम्बुर्गचा बाजार मोठा आहे, पण मोठ्या शहराचा बाजार हा शेवटी बाजार असतो. ल्युबेक सव्वादोन लाखांच्या आतबाहेरचं गाव. जुना भाग पाण्यानं वेढलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या तासात चालून होतो. मध्ययुगात उत्तर समुद्र आणि बाल्टिकवरच्या व्यापारी शहरांचा हान्सा नावाचा संघ होता, त्याचं हे पुढारी शहर. मीठ, मासळी, धान्य यांच्या पैशातून उभी राहिलेली सात चर्चशिखरं अजून दुरून दिसतात. युनेस्कोनं १९८७ मध्ये जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. इथल्या नाताळबाजाराचा पहिला उल्लेख १६४८ चा, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज अठरा वर्षांचे होते तेव्हाचा.

स्टेशनातून सरळ चालत निघालात की दहा मिनिटांत होल्स्टनटोर ही गावाची वेस लागते. १४७८ साली बांधून झालेली. तिचे दोन्ही बुरूज दलदलीत खचून एकमेकांकडे कललेले आहेत. फोटो वाकडा आला असं समजून पुन्हा काढू नका, इमारतच वाकडी आहे. बाहेरून बघायला पैसे लागत नाहीत. आतल्या संग्रहालयाला आठेक युरो पडतात, आणि डिसेंबरातल्या छोट्या दिवसात तो वेळ तिथे घालवावा असं मला वाटत नाही.

कोणता दिवस, किती वाजता

बाजार नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उघडतो. यायचं तर मंगळवार, बुधवार, गुरुवार. शनिवारी सगळं उत्तर जर्मनी आणि निम्मं डेन्मार्क इथे उतरलंय असं वाटतं, आणि आपण ढकलगाडीतल्या सामानासारखे पुढे सरकत राहतो. रविवारी बाजार चालू असतो, पण गावातली नेहमीची दुकानं बंद.

सकाळी लवकर येऊन उपयोग नाही. टपऱ्या अकराच्या आसपास उघडतात, आणि उजेडात त्या अगदी साध्या दिसतात. दीड-दोनला पोचा. डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळतो. म्हणजे दोन तास गाव बघायला, मग अंधार पडताना दिवे बघायला. साडेचार ते साडेसहा हा खरा वेळ. कचेऱ्या सुटून स्थानिक मंडळी कप हातात घेऊन उभी असतात आणि गर्दी अजून अंगावर आलेली नसते. आठपर्यंत परतीच्या गाडीत.

बर्फाची आशा धरू नका. समुद्राजवळचं गाव आहे. डिसेंबरात शून्य ते पाच अंशांच्या मध्ये कुठेतरी पारा असतो, बारीक भुरभुर आणि वारा. पोस्टकार्डावरचा पांढरा नाताळ इथे क्वचित. त्यासाठी बव्हेरियात डोंगरावर जावं लागतं, आणि त्याचा हिशेब वेगळा.

प्रवास : इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

हॅम्बुर्गहून ल्युबेकचं साधं एकेरी तिकीट सोळा-सतरा युरोला पडतं. पहिल्या वेळी आम्ही तिघांची जायची-यायची सुटी तिकिटं काढली आणि शंभराच्या आसपास युरो घालवले, बंद टपऱ्या बघायला. श्लेस्विग-होल्स्टाइन तिकीट नावाचं एक दिवसाचं प्रांतिक तिकीट असतं. पहिल्या माणसाला तीस-बत्तीस युरो, पुढच्या प्रत्येकाला सहा-सात. पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर जाता येतं. हॅम्बुर्गमधल्या बस आणि मेट्रोही त्यात आल्या. म्हणजे तिघांचं काम पंचेचाळीसच्या आसपास होतं. अटी दोन. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी ते चालत नाही, आणि वेगवान आंतरशहरी गाड्यांना चालत नाही, फक्त प्रादेशिक गाड्यांना. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहायची असतात. ती कोरी ठेवून बसू नका.

आईवडील तीन-चार आठवडे राहणार असतील तर सरळ डॉइचलांड तिकीट काढा. २०२५ मध्ये ते महिन्याला ५८ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून ६३. सगळ्या देशातल्या प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम त्यावर चालतात. मेख अशी की ते वर्गणीसारखं आपोआप पुढे सरकतं. चालू महिन्यापुरतंच हवं असेल तर दहा तारखेच्या आत रद्द करावं लागतं. पाहुणे मुंबईला परत गेले आणि खात्यातून मार्चपर्यंत पैसे कापले जात राहिले, असं एक घर माझ्या ओळखीत आहे.

निघण्याआधी आदल्या रात्री रुळांचं काम कुठे चालू आहे का ते ॲपवर बघून घ्या. हिवाळ्यात गाडीऐवजी बस, ही इथली नेहमीची गोष्ट.

रोख, कार्ड आणि यंत्रातली फसगत

जर्मनी आधुनिक देश आहे, पण नाताळबाजारात खिशात सुटी नाणी लागतात. काही टपऱ्यांवर फक्त रोख घेतात, काही ठिकाणी कार्ड चालतं पण ते जर्मन बँकेचं. भारतातून आणलेलं फॉरेक्स कार्ड हॉटेलात आणि दुकानात चालेल, टपरीवर चालेलच असं नाही. माणशी चाळीस युरो रोख, त्यातले दहा तरी नाण्यांत. स्टेशनावरच्या स्वच्छतागृहाला एक युरो लागतो आणि थंडीत ती फेरी दोनदा होते. हा खर्च कुठल्याच पर्यटन पुस्तिकेत लिहिलेला नसतो.

पैसे काढायचे तर बँकेच्या इमारतीतल्या एटीएममधून. यंत्र विचारतं, रुपयांत हिशेब करू की युरोत? नेहमी युरो दाबा. रुपये दाबलेत की यंत्राचा मालक स्वतःचा दर लावतो आणि शेकड्यामागे बरेच पैसे निघून जातात. दुकानातल्या कार्डयंत्रावरही हाच प्रश्न येतो. उत्तरही हेच.

साडेचारचा कप आठ युरोला कसा

ग्ल्युवाइन म्हणजे दालचिनी, लवंग, चक्रफूल आणि संत्र्याची साल घालून गरम केलेली तांबडी वाइन. पाटीवर दर साडेचार युरो. पुढच्या खेपेला मी दोन मागितले, टपरीतल्या बाईंनी सोळा युरो घेतले. बाबांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत पण अगदी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही लुबाडते आहे."

ती लुबाडत नव्हती. इथे पेयं कागदी पेल्यात देत नाहीत, चिनी मातीच्या कपात देतात आणि कपाची अनामत आधीच कापून घेतात. तिला प्फांड म्हणतात. कपामागे साधारण तीन ते चार युरो. कप परत दिला की अनामत परत, कुरकूर न करता, कप धुतलेला नसला तरी. आपल्याकडे सोड्याच्या बाटलीचं असायचं तसंच. फक्त ज्या टपरीवरून घेतला तिथेच द्या, कारण शेजारच्याचा कप वेगळा असू शकतो. काही ठिकाणी कपाबरोबर एक छोटी चकतीही देतात. तीही जपून ठेवायची, ती नसेल तर अनामत देत नाहीत. दुसरा पेला प्यायचा तर कप तोच पुढे करा, म्हणजे फक्त वाइनचे पैसे द्यावे लागतात.

आता यातली खरी युक्ती. कपावर बहुतेक वेळा गावाचं चित्र असतं : वेस, सात शिखरं, कधी वर्षही. भेटवस्तूंच्या दुकानात असा मग दहा-बारा युरोला असतो. इथे तो परत न करता पिशवीत घातला की तीन-चार युरोत पडला. टपरीवाल्यांनाही हे माहीत आहे आणि त्यांची हरकत नसते. आमच्या पुण्याच्या घरी असे चार कप आहेत. आई त्यात आता विरजण लावते.

वाइन नको असेल तर किंडरपुन्श मागा, फळांच्या रसाचा गरम काढा, तीन ते चार युरो. एक सावधगिरी : 'मिट शुस' म्हटलं की त्यात रम किंवा तत्सम दारूची धार पडते, दीड-दोन युरो जास्त. आणि आयरपुन्शमध्ये अंडं असतं.

शाकाहारी माणसानं काय खावं, मालवणच्यानं काय

उभ्या उभ्या पोट भरायला माणशी बारा ते पंधरा युरो धरा. शाकाहाऱ्यांचा हुकमी पदार्थ म्हणजे बटाट्याच्या किसाचे कुरकुरीत थालीपीठवजा तुकडे, कार्टोफेलपुफर, सोबत सफरचंदाची चटणी. तीन तुकडे, पाच-सहा युरो. चटणी गोड असते. आईनं डब्यातून तिखट लसणाची चटणी आणली होती, ती लावल्यावर टपरीवाल्यानंही बोट पुढे केलं. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र आधी विचारावं, पिठात बऱ्याचदा असतं. मश्रूम तव्यावर परतून लसणीच्या सॉसबरोबर देतात, सहा-सात युरो. भाजलेले चेस्टनट आणि साखरेत घोळवलेले गरम बदाम आहेतच. बदामांची शंभर ग्रॅमची पुडी चार-पाच युरो. वासानं भुलून दोन घेतल्या जातात, एक संपत नाही.

श्माल्ट्सकुखन नावाचे छोटे तळलेले गोळे आपल्याला गोड बोंडांसारखे वाटतात आणि सगळे त्यावर तुटून पडतात. श्माल्ट्स म्हणजे डुकराची चरबी. हल्ली बरेच जण ते वनस्पती तेलातच तळतात, पण नाव तेच राहिलं आहे. म्हणून "प्फ्लान्त्सनउएल?" एवढं विचारून घ्या. तेल असेल तर टपरीवाला मान डोलावतो.

मासे खाणाऱ्यांची इथे चंगळ. बाल्टिक समुद्र हाकेच्या अंतरावर. पावात घातलेला हेरिंग, कांदा, काकडी : फिशब्रोटशन, चार ते सहा युरो. हेरिंग हा आपल्या तारलीच्याच कुळातला मासा, पण आंबवून किंवा मिठात मुरवून देतात. पहिल्या घासाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्याला सवय होते. ज्यांना कच्चटपणा नको त्यांनी पिठात बुडवून तळलेला बाकफिश घ्यावा. सॉसेज सगळीकडे आहेत आणि त्यांच्याबद्दल मी लिहावं असं त्यांत काही नाही.

पाण्याची बाटली घरून आणा. विकत घेतली तर बाटलीचीही अनामत असते, पंचवीस सेंट.

मार्झिपान : पुडक्यामागचं वाचा

ल्युबेक म्हणजे मार्झिपान, बदाम आणि साखर वाटून केलेली मिठाई. आपल्या बदामबर्फीची ही चुलत बहीण, पण तूप नाही, खवा नाही, वेलची नाही. त्यामुळे पहिल्यांदा खाणाऱ्याला 'काहीतरी राहिलंय' असं वाटतं. बारीक जिभेनं खा, गुलाबपाण्याचा पुसट वास येतो.

'ल्युबेकर मार्झिपान' हे नाव युरोपात भौगोलिक खूण म्हणून राखलेलं आहे, आपल्या हापूससारखं. नियम असा : सत्तर टक्के मार्झिपानचा कच्चा गोळा आणि वरून जास्तीत जास्त तीस टक्के साखर. 'एडेलमार्झिपान' असेल तर नव्वद आणि दहा. मुळात त्या कच्च्या गोळ्यातही साखर असते, म्हणून नुसत्या 'मार्झिपान' या शब्दावर जाऊ नका, पुडक्यामागे बदामाचं प्रमाण वाचा. आणि 'पेर्सिपान' हा शब्द दिसला तर ठेवून द्या. ते जर्दाळू किंवा पीचच्या बियांतल्या गराचं असतं, स्वस्त असतं, आणि बदामाच्या भावात घेण्याचं कारण नाही.

गावातलं जुनं नाव नीडेरेगर, १८०६ पासूनचं. नगरभवनासमोर त्यांचं दुकान आणि कॅफे आहे. खालचं दुकान डिसेंबरात पंढरपूरच्या गाभाऱ्याइतकं भरलेलं असतं. त्यातून वाट काढत वरच्या मजल्यावर जा. तिथे मार्झिपानचं छोटं दालन आहे, माणसाच्या उंचीचे मार्झिपानचे पुतळे आहेत, आणि प्रवेश मोफत. त्यांत थॉमस मानही आहे. हा ल्युबेकचाच, १९२९ चा नोबेलविजेता. त्याच्या १९०१ च्या 'बुडेनब्रोक्स' कादंबरीत या गावातल्या व्यापारी घराचा नाताळ तपशिलानं आला आहे. कॅफेत केक आणि कॉफी माणशी दहा युरोच्या आसपास. महाग आहे, पण अर्धा तास ऊब मिळते आणि स्वच्छतागृहाचा एक युरो वाचतो. मी हा खर्च कधीच टाळत नाही.

गावी न्यायला मार्झिपान घ्यायचं असेल तर मुख्य दुकानातून फक्त खास आकार घ्या. साधी चॉकलेटचा थर दिलेली लादी हॅम्बुर्गच्या कुठल्याही सुपरमार्केटात त्याच नावाची मिळते, बहुतेक वेळा स्वस्त. नाताळच्या आकाराचा माल २७ डिसेंबरनंतर उतरत्या भावात निघतो, कधी निम्म्यानंही. जानेवारीत परतणाऱ्यांनी तोवर थांबावं.

भारतातून पर्यटक व्हिसावर आलेल्यांना आणखी एक सवलत आहे. एका दुकानात एका बिलावर पन्नास युरोच्या वर खरेदी झाली तर कर परत मिळू शकतो. दुकानातच करमुक्तीचा अर्ज मागा आणि पासपोर्ट दाखवा. विमानतळावर सामान सोपवायच्या आधी वस्तू दाखवून जकात कचेरीचा शिक्का घ्या. खाण्याच्या वस्तूंवर कर सातच टक्के असल्यानं मिठाईसाठी ही यातायात नको. लोकरीचे कपडे किंवा भांडी घेतली तर करा. बिल पाहुण्याच्या नावाचं हवं. इथे राहणाऱ्या मुलाच्या नावानं केलं की सवलत गेली.

जिथे पैसे लागत नाहीत

बाजारातल्या चौकातून मागे वळलात की मारियन चर्च. बाहेरच्या अंगाला मुलांसाठी परीकथांचं वन उभारतात : फरच्या झाडांत छोट्या झोपड्या, प्रत्येकीत एका गोष्टीतला देखावा. बघायला काही पडत नाही. चर्चच्या आत हिंडायला थोडं शुल्क असतं. ते द्या. दक्षिण बुरुजाखाली दोन मोठ्या घंटा फुटून जमिनीत रुतलेल्या दिसतील. मार्च १९४२ मध्ये बाँबहल्ल्यात चर्च पेटलं तेव्हा त्या वरून कोसळल्या. पडल्या तिथेच ठेवल्या आहेत. भोवती कठडा आणि अंधार. आई तिथे बराच वेळ उभी होती. बाहेरून ग्ल्युवाइनचा वास येत होता.

याच चर्चमध्ये डिट्रिश बुक्स्टेहुडे ऑर्गन वाजवायचा. ॲडव्हेंटमधल्या त्याच्या संध्याकाळच्या मैफली ऐकायला वीस वर्षांचा योहान सेबास्टियान बाख १७०५ साली आर्नश्टाटहून चारशे किलोमीटर चालत आला. चार आठवड्यांची रजा काढली होती, चार महिने राहिला. त्या मैफलींना प्रवेश मोफत असे, खर्च गावातले व्यापारी करत. २४ तारखेच्या संध्याकाळची प्रार्थना आजही सर्वांना मोफत असते. तुम्ही ख्रिश्चन आहात का, असं कुणी विचारत नाही. जागा लवकर भरतात, पाऊण तास आधी जा. शेवटी दानाचा वाडगा फिरतो, त्यात दोन-पाच युरो टाकावेत. आणि परतीच्या गाड्या त्या रात्री कमी असतात, वेळ आधीच बघून ठेवा.

दुसरी फुकट गोष्ट म्हणजे गांग. मोठ्या घरांच्या पोटातून आत जाणारे बोळ, काहींची दारं इतकी बुटकी की वाकूनच जावं लागतं. आत छोटी छोटी घरं, पूर्वी मजुरांची. खिडक्यांत कागदी चांदण्या लावलेल्या असतात. आपल्या वसईत आणि गोव्यात नाताळला दारात लटकतात, त्याच घराण्यातल्या. लोक तिथे राहतात, तेव्हा आवाज करायचा नाही आणि खिडकीतून आत फोटो काढायचा नाही. पाच-सहा माणसांचा घोळका नेऊच नका.

हाइलिगन-गाइस्ट-हॉस्पिटल ही १२८६ ची धर्मशाळावजा वास्तू. लांबलचक दालनात लाकडी खोपटांची रांग आहे, पलंग आणि पेटी मावेल एवढीच एकेक. विसाव्या शतकातसुद्धा म्हातारी माणसं त्यांत राहत होती. ॲडव्हेंटच्या सुरुवातीच्या काही दिवसांत इथे हस्तकलेचा बाजार भरण्याची रीत आहे. भरतो तेव्हा लोकरीचे मोजे, लाकडी खेळणी, काचेचे गोळे त्याच खोपटांत मांडलेले असतात. आत जायला तीन-चार युरो, माल महाग पण हातचा. बाहेरच्या टपऱ्यांवरचे निम्मे काचेचे गोळे कारखान्यातले असतात, इथले तसे नसतात. तारखा आधी तपासा.

पेट्री चर्चच्या मनोऱ्यावर लिफ्ट आहे, पाचेक युरो. पन्नास मीटर उंचीवरून अंधार पडताना खालचा बाजार बघायचा. गुडघे दुखणाऱ्या मंडळींना जिने नकोत, म्हणून मुद्दाम सांगते.

पाय, कान आणि मुक्काम

कपड्यांवर जास्त खर्च करू नका. थर्मल भारतातून आणा, इथे दुप्पट पडतात. बुटांवर मात्र खर्च करा. रस्ते दगडी आहेत, ओले आणि घसरडे. पाणी न शिरणारे, जाड तळव्याचे बूट साठ ते नव्वद युरोत इथेच घ्यावेत. भारतातले 'स्पोर्ट्स शूज' तासाभरात भिजतात आणि मग बाजार कसला नि काय. कानटोपी हवी, छत्री नको. वाऱ्यानं ती उलटी होते.

मुक्कामाची गरज नाही. ॲडव्हेंटच्या शनिवार-रविवारी दोघांची खोली सव्वाशे ते पावणेदोनशे युरोंना जाते, आठवड्याच्या मधल्या दिवसांत बरीच कमी. राहायचंच असेल तर मंगळवारी राहा, सकाळी आठला अजून अंधार असतो तेव्हा रिकामं गाव बघा.

व्हिसाचं शुल्क प्रौढांना ९० युरो, वर अर्ज केंद्राचा आकार, आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या भेटीसाठी ऑगस्टमध्येच हालचाल करा.

दोघांचा एक दिवस, बेरीज करून

हॅम्बुर्गहून, आठवड्याच्या मधल्या दिवशी : प्रांतिक तिकीट चाळीसच्या आत, उभ्यानं जेवण पंचवीस ते तीस, दोन पेयं नऊ-दहा, कॅफे वीस, मनोरा दहा, स्वच्छतागृह तीन-चार, मार्झिपान वीस. एकूण सव्वाशे ते एकशे पस्तीस युरो, म्हणजे बारा ते चौदा हजार रुपये. डॉइचलांड तिकीट हाताशी असेल तर नव्वदच्या घरात. काटकसर करायची असेल तर मार्झिपान सुपरमार्केटातून घ्या आणि मनोरा गाळा. कॅफे गाळू नका.

शनिवारी तोच दिवस याच पैशांत होतो, फक्त निम्मा रांगेत जातो. माझं मत मागाल तर डिसेंबरचा दुसरा मंगळवार किंवा बुधवार.

बाजार साधारण ३० डिसेंबरपर्यंत असतो, पण २४ आणि २५ तारखेला बंद. विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या तारखा नगरपालिकेच्या संकेतस्थळावर बघून घ्या.